घोड्याला नाव, बाईला नाही

बाई, तुझ्या शोकसभेत कोणीच भांडलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता आणि एकामागून एक उठून सगळे तुला शांत म्हणत होते, सोज्वळ म्हणत होते. मी मागच्या खुर्चीत बसून विचार करत होते की मी चुकीच्या सभेला तर नाही आले. सहा वर्षांत तू मला एकदाही शांत दिसली नाहीस. वाद घालायला लागलीस की कपातला चहा बशीत जायचा आणि बशीतला साडीवर. मलाही चार शब्द बोला म्हणाले. मी उठले नाही. जे बोलायचं होतं ते त्या लोकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. आता तुझी मुलगी मुक्ता आठवणींचं छोटं पुस्तक काढते आहे. तिने मला वही आणून दिली आणि म्हणाली, चांगुणामावशी, तुम्हीही लिहा, आईला आवडेल. तुला आवडेल असं मला वाटत नाही. माझ्या प्रत्येक वाक्यावर तू 'पण' म्हणायचीस. आता म्हणता येणार नाही, तेवढाच माझा फायदा.

वाचणाऱ्यांना आधी सांगून टाकते की मी तुला 'तू' का म्हणते. तू कॉलेजात शिकवणारी, मी करावे गावची चौथी पास. पण आमच्या बोलीत देवालाही तू आणि जावयालाही तू. पहिल्यांदा मी तुला "बस, चा पिशील?" म्हटलं तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, कोणी लहान मूल आलंय का. मग हसलीस. नंतर कधीतरी म्हणालीस, नवरा गेल्यापासून मला तू म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं. तू मात्र शेवटपर्यंत मला 'तुम्ही' आणि 'चांगुणाबाई' म्हणत राहिलीस. तुमच्या लिफ्टमधल्या बायकांना आपल्यात बाई कोण आणि कामाची कोण, ते कधी उमगलं नाही.

तू आमच्या गल्लीत पहिल्यांदा आलीस ती न बोलावता. कोणाच्या तरी घरी हळद होती. आमच्यात लग्नाला भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. हळद लावण्यापासून मुलगी सासरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं. त्या गाण्याला आम्ही धवला म्हणतो आणि ते म्हणणारी ती धवलारीण. आधी माझी आई होती, तिच्या मागे मी. नवरा गेल्यावर काही जणांनी मला थांब म्हटलं, पण गाणं येणारी दुसरी होती कुठे? तर त्या दिवशी लाउडस्पीकरवरचा आवाज ऐकत ऐकत तू रस्ता ओलांडून गावात शिरलीस, खुर्ची मागून घेतलीस आणि फोन समोर धरून बसलीस. वडे खाऊन गेलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. तुमच्या गाण्यांत पुरुषाला भुलवणारी बाई आहे का, असं विचारलंस. मी म्हटलं, लग्नाच्या गाण्यात तिचं काय काम?

मग तू मला तुझं पुस्तक सांगितलंस. दूरच्या मुलखातल्या, आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टी. अंगभर लोखंड घातलेले घोडेस्वार. तू त्यांना शिलेदार म्हणायचीस. राजाचं काम घेऊन शिलेदार निघतो, देवाची शपथ घेतलेली असते, आणि वाटेत त्याला एक देखणी बाई भेटते. कधी नदीच्या उतारावर, कधी रानातल्या तंबूत, कधी एखाद्या मनोऱ्यात. ती म्हणते, थकलास, बस, घोटभर घे. बसला तर तो संपला आणि नाही बसला तर थोर झाला. वीस वर्षं तू हे मुलांना शिकवलंस आणि निवृत्त झाल्यावर त्या बाईवर मराठीत लिहायला बसलीस. सगळे शिलेदारावर लिहितात, तिला कोणी विचारत नाही, असं तुझं म्हणणं.

मग मी दर मंगळवारी दुपारी तुझ्याकडे येऊ लागले. तुमच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये येण्याचं कारण लिहायचा. माझ्या हातात टोपली नसली तरी तो न विचारता 'मच्छी' लिहून मोकळा व्हायचा. तुला कळलं तेव्हा तू पाय दुखत असताना खाली उतरलीस आणि त्याच्याकडून 'चर्चा' लिहून घेतलंस. तेव्हापासून तो मला पाहिलं की म्हणायचा, आजी, आज चर्चा कितने बजे तक?

तुझे शिलेदार मला कधी थोर वाटले नाहीत. मी म्हटलं, एवढं लोखंड अंगावर चढवलं, मग कानच तेवढे कशाला उघडे ठेवले? ते तू वहीत लिहून घेतलंस. मग मी तुला माझ्या धाकट्या काकाची गोष्ट सांगितली. खाडीत जाळं टाकायला गेला आणि सकाळी हात हलवत परत आला. जाळं गेलेलं, होडी चिखलात रुतलेली. म्हणाला, तिवरांतून हडळीने हाक मारली, तिच्या मागे गेलो. दोन दिवस गावात कोणी खाडीवर गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "मोसंबीची दारू पाजते तुजी हडळ, मना पन दाव कुठं भेटते ती." तू इतकी हसलीस की ठसका लागला. माझं अख्खं पुस्तक तुमच्या काकीने एका वाक्यात संपवलं, असं म्हणालीस.

पण काकाचं सोडून बाकी ठिकाणी मी तुझं ऐकत नव्हते. मी म्हणायचे, सगळ्या काही खोट्या नसतात, घर मोडणारी बाई असते. तू म्हणायचीस, घर मोडायला आतून कोणीतरी कडी काढावी लागते. मी विषय बदलायचे. तू त्या बाईची बाजू घेतलीस की माझं डोकं तापायचं. तुला त्याचं कारण माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तुला वाटायचं मी जुन्या वळणाची आहे.

एकदा तू ती उतारावरच्या बाईची गोष्ट सांगत होतीस आणि मी सहज विचारलं, तिचं नाव काय? तू म्हणालीस, नाव नाही. मनोऱ्यातलीचं? तेही नाही. तंबूतली ती तंबूतली बाई, एवढंच. मी विचारलं, मग शिलेदाराचं? ते होतं. त्याच्या तलवारीलाही होतं. घोड्यालाही होतं. एका गोष्टीत तर कुत्र्यालाही होतं. मला हसू आलं आणि रागही आला.

"घोड्याला नाव, कुत्र्याला नाव, आन बाईला नाय? लिहिनाऱ्याच्या आईला तरी नाव व्हतं का?"

तेही तू लिहून घेतलंस. मला वाटलं, आज मी तुला काहीतरी दिलं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या मंगळवारी तू चहा केला नाहीस. टेबलावर कागद मांडून बसली होतीस. चार वर्षांत तू आमच्या गावातल्या हळदी फोनमध्ये घेतल्या होत्यास, गाणं आणि चित्र दोन्ही, आणि आता ते सगळं शब्दन् शब्द उतरवून काढत होतीस. आमच्या हळदीच्या धवल्यात घरातल्या प्रत्येक बाईचं नाव येतं. कोणी हळद वाटली, कोणी पाणी भरलं, कोणी दिवा लावला, कोणी वडे थापले. ज्या त्या बाईचं नाव गुंफून धवलारीण ओळ म्हणते. गेलेल्या सासूचं येतं, पाळण्यातल्या पोरीचंही येतं. कोणाला गाळायचं नसतं.

तू म्हणालीस, एकाच घरातली तीन लग्नं आहेत यात. घरात बायका सात, तुम्ही नावं घेता सहा. मग फोन माझ्यासमोर धरलास. मंडपाच्या मागे, चुलीपाशी एक बाई वडे थापत होती. गाण्यात पाणी भरणारीचं नाव झालं, दिवा लावणारीचं झालं आणि वड्यांची ओळ आली तशी त्या बाईचे हात थांबले. मी ती ओळ सोडून पुढे गेले. तिचे हात पुन्हा चालायला लागले. तू दुसरी हळद दाखवलीस. तसंच. तिसरी. तसंच. मी तिच्याकडे पाठ करून गात असते, त्यामुळे तिचे हात थांबतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ही कोण, असं तू विचारलंस. मी म्हटलं, "ती भुलवनारी हाय."

मग सगळं सांगावं लागलं. माझा नवरा पावणे गावातल्या कारखान्यात होता. ही गुलाब तिथेच पॅकिंगला. तिला नवऱ्याने टाकलेलं, ती भावाच्या घरी राहायची, आमच्यापासून चार दारं सोडून. एक दिवस तो पिशवीत कपडे भरून निघाला आणि तिच्यासोबत पावण्याला खोली घेऊन राहिला. अकरा वर्षं. माझे दोन मुलगे मी मासळीच्या टोपलीवर वाढवले. तो मेला तेव्हा मुलांनी त्याला घरी आणला आणि ती बाहेर रस्त्यावर उभी राहिली. आत ये म्हणायला कोणी गेलं नाही, मी तर नाहीच. नंतर ती भावाकडे परत आली. त्या घरात लग्न निघालं की मलाच बोलवावं लागायचं आणि मी जायचे, सगळ्यांची नावं घ्यायचे आणि तिचं गाळायचे. वीस वर्षांहून जास्त. गावात सगळ्यांना माहीत होतं, बोललं कोणी नाही. मला वाटायचं, माझ्या हातात तेवढी एकच काठी आहे, ती का सोडू?

तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "तुमच्या मुलांच्या लग्नांत तुम्हीच गायलात ना? गेलेल्या वडिलांचं नाव घेतलंत?"

घेतलं होतं. घरच्या गेलेल्यांना आवतण द्यावंच लागतं.

"म्हणजे शिलेदाराला नाव आहे," तू म्हणालीस.

मी पिशवी उचलली आणि निघाले. सात आठवडे मी तुझ्याकडे फिरकले नाही. तुझे फोन आले, घेतले नाहीत. गावात एकीला सांगितलंही, शिकलेल्या बायकांना दुसऱ्याच्या जखमेत बोट घालायची हौस असते. खरं सांगायचं तर रागापेक्षा मला लाज जास्त वाटत होती. ते थांबलेले हात डोळ्यांसमोरून हलत नव्हते. मी तिला नवरा चोरणारी समजून वागले, ते एक वेळ ठीक. पण तीन लग्नांत तीनदा तिला वाटलं होतं की आज ही माझं नाव घेईल, आणि हे मला माहीतच नव्हतं.

सात आठवड्यांनी तू रिक्षा करून आलीस. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, तर गुडघा धरत धरत चालत आलीस. उंबऱ्यावर बसलीस आणि म्हणालीस, मी माफी मागायला आलेले नाही, पण मंगळवार रिकामा जातो. मी चहा टाकला. त्यानंतर पुन्हा सुरू झालं, पहिल्यासारखंच. गुलाबचं नाव मात्र दोघींनीही काढलं नाही. दुसरी कोणी असती तर तिने मला समजावलं असतं, देवाधर्माचं सांगितलं असतं, क्षमा मोठी असते वगैरे. तू एकदाही तसं बोलली नाहीस. त्यासाठी मी तुझी किती आभारी आहे ते तुला कळलं असेल की नाही, कोण जाणे. मी तर कळू दिलं नाही.

आणखीही आभार आहेत, आता आठवतील तसे लिहिते. गाणं गोळा करायला आमच्याकडे पुष्कळ जण येऊन गेले. वा वा म्हणतात, फोटो काढतात, जातात. तू कधी वा म्हणाली नाहीस. तू बायका मोजल्यास. लोकांनी माझं गाणं ऐकलं, तू गाळलेलं ऐकलंस. आईनंतर माझ्या गाण्यातली चूक दाखवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि चूक दाखवणारं कोणी नसलं की माणूस चुकतच जातं. मला ओवळ्या-सोवळ्याची भीती न दाखवता तू माझ्या हातचं खाल्लंस, खाडीच्या चिखलातले निवटे मासे सोडून. निवट्यांचे डोळे बघून तू ताट सरकवलंस, ते मी विसरलेले नाही. आणि म्हातारपणी मला कोणीतरी प्रश्न विचारत होतं. घरात आता मला फक्त सांगतात, गोळी घेतली का, दार लावलं का. ते काही प्रश्न नव्हेत.

हॉस्पिटलात तुझा आवाज गेला होता, कुजबुजल्यासारखं बोलायचीस. त्या दिवशी मुक्ता औषधं आणायला खाली गेली होती. तू विचारलंस, त्या घरात पुन्हा लग्न कधी आहे? गुलाबच्या भावाच्या नातीचं ठरलं होतं. मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू आधी बरी हो. तू म्हणालीस, "नाव घ्या असं मी म्हणणार नाही. गाणं तुमचं आहे. मला एवढंच वाटतं, तिला कोणी काही विचारलं का कधी? माझ्या सगळ्या पुस्तकांत कोणी विचारलेलं नाही."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की तुझं बरोबर आहे. मी म्हटलं, नर्स येतेय, आता गप्प पड. तू गप्प पडलीस. आपलं शेवटचं बोलणं ते.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी ती हळद होती. मी काही ठरवलं नव्हतं. ठरवून आले असते तर लिहायला बरं दिसलं असतं, पण तसं नव्हतं. मंडपात पोरी फोन घेऊन नाचत होत्या, नवरी घामाघूम झाली होती, चुलीवर तेल तापलं होतं. मी सुरुवात केली. हळद वाटणारी झाली, पाणी भरणारी झाली, दिवा लावणारी झाली. या वेळी मी पाठ करून बसले नव्हते. चुलीकडे तोंड करून बसले होते, एवढंच मुद्दाम केलं होतं. वड्यांची ओळ आली. तिचे हात थांबले. इतकी वर्षं नाव गाळलं तरी ते थांबतातच, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मग गाळवलं नाही. मी गुलाबचं नाव घेतलं.

काही झालं नाही, बाई. आभाळ कोसळलं नाही. नाचणाऱ्या पोरींना कळलंही नाही. तिच्या भावजयीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला. गुलाबने थापलेला वडा हातातच ठेवला, तेलात टाकला नाही. तेवढा वेळ तेल धुरावलं आणि कोणीतरी तिच्यावर ओरडलं. मी पुढच्या ओळीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. तिचं माझ्या दारात येणं म्हणजे पस्तीस वर्षांनी. मी बस म्हटलं. आत आली नाही, पायरीवर बसली.

"सूर खाली लागला तुजा," ती म्हणाली.

"वय झालं," मी म्हटलं.

मी चहा दिला. आणि मग, बाई, तुझ्यामुळे, फक्त तुझ्यामुळे, मी तिला विचारलं. त्याला तू बोलावलंस, का तो आपणहून आला?

तिने कप खाली ठेवला. "मी बोलावला. खोटं कशाला बोलू आता. कारखान्यात डबा खाताना बाजूला जागा केली, ती मीच केली. एकटीनं जेवून जीव विटला व्हता. पन चांगुना, घर सोड असं मी नाय बोलले. तो पिशवी घेऊन आला तवा मीच घाबरले. दार लावायला पायजे व्हतं. नाय लावलं." कप पुन्हा उचलून म्हणाली, "तू कवा विचारलंच नाय."

मी म्हटलं, कसं विचारणार? ती म्हणाली, तेही खरं. मग तिने नातीच्या पाठवणीची वेळ सांगितली, उशीर करू नकोस म्हणाली आणि गेली. आमचं काही गूळपीठ झालेलं नाही, होणारही नाही. माझी अकरा वर्षं ती परत देऊ शकत नाही आणि मी तिची वीस.

पण तुझं-माझं भांडण मात्र मिटलं. दोघीही अर्ध्या हरलो. तू म्हणायचीस, ती बाई गोष्ट सांगणाऱ्याने उभी केलेली असते, शिलेदाराची परीक्षा घ्यायला. गुलाबला कोणी उभं केलं नव्हतं, तिने स्वतः जागा केली. मी म्हणायचे, ती जाळं टाकून बसलेली असते. तिने जाळं टाकलं नव्हतं, तिला एकटीने जेवायचं नव्हतं. इतक्या वर्षांत तुझ्या एकाही जाड पुस्तकात ती बाई स्वतः बोलली नाही. आमच्या गल्लीत, पायरीवर बसून बोलली. तू अकरा दिवस आधी गेलीस. याचा मला राग आहे आणि तो कोणावर काढावा कळत नाही.

हे सगळं पुस्तकात छापायचं म्हणून मी काल तिच्याकडे जाऊन विचारलं, तुझं नाव घालू का, का नुसतं एक बाई लिहू? ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "घाल की. माजंच नाव हाय." म्हणून घातलं आहे. नवऱ्याचं घातलेलं नाही. मुक्ताने विचारलं, मावशी, काकांचं नाव लिहायचं राहिलं का? मी तिला सांगितलं, राहिलेलं नाही, गाळलं आहे.